वाचकांचे प्रश्न : फूट, मैल, गुंठा आणि मीटर

मागील अंकात आम्ही लांबीच्या ब्रिटिश मापांचे दशमान मापांत रूपांतर करण्याचे एक छोटे कोष्टक दिले होते. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, १ वार म्हणजे ०.९१४४ मीटर आणि १ मैल म्हणजे १.६०९३४४ किलोमीटर, अशा त्यात चारच ओळी होत्या. या चार ओळींवर आलेली पत्रे वाचताना लक्षात आले की, गुणाकार कसा करावा हे बहुतेकांना ठाऊक आहे. अडचण येते ती मूळ आकडा कोणत्या जातीचा आहे हे ओळखताना. तो काटेकोरपणे मोजलेला आहे, ढोबळमानाने सांगितलेला आहे, की बाजारात रूढ झालेले नुसते नाव आहे, हे आधी पाहिले पाहिजे. कारण उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत लिहायचे, आणि काही वेळा रूपांतर करायचे की नाही, हेही त्यावरच ठरते. निवडक प्रश्नांची उत्तरे याच दृष्टीने दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडील जुन्या पाठ्यपुस्तकात १ मीटर म्हणजे ३९.३७ इंच असे दिले आहे. आपल्या कोष्टकावरून हिशेब केला तर ३९.३७००७८… असे न संपणारे उत्तर येते. मग २.५४ हा आकडाही जवळपासचाच समजायचा का? वर्गात मुलांना काय सांगावे? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : २.५४ हा आकडा पूर्णपणे अचूक आहे. जवळपासचा आहे तो ३९.३७. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांमधील करारानुसार १ जुलै १९५९ पासून वार म्हणजे ०.९१४४ मीटर असे ठरले, आणि वाराचे ३६ भाग केले की इंच बरोबर २.५४ सेंटिमीटरचा येतो. हे कोणी पट्टी लावून मोजून काढलेले उत्तर नाही, ती इंचाची व्याख्याच आहे. म्हणून २.५४ च्या पुढे कितीही शून्ये लिहिली तरी चालतात.

त्याआधीची स्थिती मात्र वेगळी होती. अमेरिकेने १८९३ मध्ये आपला वार मीटरवरूनच ठरवला, पण त्यासाठी १ मीटर म्हणजे नेमके ३९.३७ इंच असे गृहीत धरले. त्या हिशेबाने इंच २.५४०००५ सेंटिमीटरचा होत असे. ब्रिटनचा वार एका धातूच्या दांड्यावरील दोन खुणांमधील अंतराने ठरलेला होता, आणि तो दांडा वर्षानुवर्षांत अगदी सूक्ष्म प्रमाणात आखडत असल्याचे आढळले होते. त्यामुळे ब्रिटिश इंच २.५४ पेक्षा किंचित कमी आणि अमेरिकी इंच किंचित जास्त, असा प्रकार होता. कापडाच्या दुकानात या फरकाला काहीच अर्थ नव्हता, पण यंत्राचे सुटे भाग एका देशात बनवून दुसऱ्या देशात बसवायचे असत, तेथे तो नको होता. म्हणून कारखानदारीने कायद्याची वाट न पाहता इंच २५.४ मिलिमीटरचा धरायला आधीच सुरुवात केली. ब्रिटनच्या मानक संस्थेने १९३० मध्ये आणि अमेरिकेतील मानक संस्थेने १९३३ मध्ये तो स्वीकारला. १९५९ च्या कराराने त्यावर शिक्कामोर्तब केले.

आपल्या पाठ्यपुस्तकातील ३९.३७ या आकड्याने एक किलोमीटरमागे सुमारे दोन मिलिमीटरची चूक होते, म्हणजे शाळेतल्या कोणत्याही उदाहरणात ती दिसणारही नाही. अमेरिकेच्या भूमापनात मात्र जुना फूट ‘सर्व्हे फूट’ या नावाने २०२२ च्या अखेरीपर्यंत टिकून होता. तेथे एखाद्या बिंदूचे स्थान वीस लाख फुटांसारख्या मोठ्या आकड्यात लिहिले जात असल्याने, कोणता फूट वापरला हे न पाहिल्यास तो बिंदू चार फूट सरकत असे. मुलांना एवढेच सांगावे की, इंचाकडून सेंटिमीटरकडे जाताना २.५४ ने गुणावे, उलट जाताना २.५४ नेच भागावे, आणि दुसरा कोणताही गुणक पाठ करू नये. मीटरची स्वतःची व्याख्या १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावर आधारलेली आहे, म्हणजे प्रकाश निर्वातात एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो तेवढा मीटर. आजचा इंच, फूट आणि मैल हे सगळे त्याच व्याख्येवर उभे आहेत.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या खरेदीखतात आमची जमीन २ एकर १५ गुंठे लिहिली आहे. आताच्या सातबाऱ्यावर ती ०.९६.११ अशी दिसते. गावातील एक मध्यस्थ म्हणतात की गुंठा म्हणजेच आर, त्यामुळे ९५ गुंठ्यांचे ९५ आर व्हायला हवेत. वरचे १ आर ११ चौरस मीटर चुकून चढले आहेत आणि ते कमी होतील. हे खरे आहे का? (एक शेतकरी, सांगली जिल्हा)

उत्तर : आपला सातबारा बरोबर आहे. गुंठा आणि आर हे आकाराने जवळचे असले तरी एक नाहीत. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस, म्हणजे १,०८९ चौरस फूट. एका चौरस फुटाचे ०.०९२९०३०४ चौरस मीटर होतात, त्यामुळे एक गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा भरतो. आर मात्र बरोबर १०० चौरस मीटरचा आहे. आता २ एकर १५ गुंठे म्हणजे ९५ गुंठे. त्यांचे १,०३,४५५ चौरस फूट, आणि त्यांचे ९,६११.२८ चौरस मीटर. सातबाऱ्याच्या पद्धतीने लिहिल्यास ० हेक्टर ९६ आर ११ चौरस मीटर, जसे आपल्याकडे नोंदले आहे तसेच. मध्यस्थाच्या हिशेबाने चाललात तर १११ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १,२०० चौरस फूट जमीन कागदावर नाहीशी होईल. हे क्षेत्र एका गुंठ्याहून जास्त आहे. व्यवहारात ‘गुंठा म्हणजे आर’ आणि ‘हेक्टर म्हणजे अडीच एकर’ ही दोन्ही वाक्ये सर्रास बोलली जातात आणि बोलण्यापुरती ती चालतातही, परंतु हेक्टर प्रत्यक्षात २ एकर १८.८४ गुंठ्यांचा आहे, १०० गुंठ्यांचा नाही. दस्तात हे ढोबळ आकडे कधीही येऊ देऊ नयेत.

हा ३३ फुटांचा आकडा कोठून आला, तेही सांगण्यासारखे आहे. इंग्रज गणितज्ञ एडमंड गंटर यांनी १६२० च्या सुमारास जमीन मोजण्यासाठी ६६ फूट लांबीची, शंभर कड्यांची साखळी रूढ केली. अशा दहा साखळ्यांचा एक फर्लांग आणि ऐंशी साखळ्यांचा एक मैल होतो. आणि एक साखळी रुंद व दहा साखळ्या लांब पट्टा बरोबर एक एकराचा असतो. मुंबई इलाख्यात १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यापासून महसुली मोजणीचे जे काम सुरू झाले, त्या पद्धतीत याच साखळीची निम्मी, म्हणजे ३३ फुटांची साखळी वापरात आली आणि तिचे सोळा आणे पाडले गेले. जुन्या मोजणीच्या कागदांत गुंठ्याखाली आणे दिसतात ते यामुळे. एक आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग, साधारण ६८ चौरस फूट. क्रिकेटच्या खेळपट्टीची बावीस यार्डांची लांबी हीसुद्धा गंटरची एक पूर्ण साखळीच आहे. खेळपट्टीच्या दोन्ही टोकांच्या यष्ट्यांमधील अंतर एक बाजू धरून मैदानावर चौरस आखला, तर तो नेमका चार गुंठ्यांचा होईल आणि असे दहा चौरस म्हणजे एक एकर. गुंठा किती मोठा असतो असे मुलांनी विचारले, तर त्यांना मैदानावर नेऊन हे दाखवावे.

एक सूचना करणे आवश्यक वाटते. वरील गुणाकार कागदावरील एका मापाचे दुसऱ्या मापात अचूक रूपांतर करतो, पण शेताच्या बांधाविषयी तो काहीही सांगत नाही. जुनी मोजणी साखळीने झालेली होती, आजची उपकरणे वेगळी आहेत, त्यामुळे नव्या मोजणीत क्षेत्र थोडे कमी-जास्त निघू शकते. तो वाद भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने सुटेल. तेथे गुणक उपयोगाचा नाही.

प्रश्न : आमच्या सदनिकेच्या करारनाम्यात चटई क्षेत्र ६० चौरस मीटर आहे. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणून ३.२८ ने गुणले तर १९७ चौरस फूटच येतात. आम्ही फसलो आहोत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. क्षेत्र काढताना लांबीचेही फूट होतात आणि रुंदीचेही, त्यामुळे गुणक दोनदा लावावा लागतो. ३.२८०८ गुणिले ३.२८०८ म्हणजे १०.७६४; आपले ६० चौरस मीटर म्हणजे सुमारे ६४६ चौरस फूट. घनफळाच्या बाबतीत तोच गुणक तीनदा लागतो. वाळू किंवा खडीचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्याचे २.८३ घनमीटर होतात. ट्रकमागे किती माल आला हे तपासताना हा आकडा लक्षात ठेवावा.

प्रश्न : नोकरीच्या अर्जात उंची सेंटिमीटरमध्ये मागितली होती. माझी उंची ५.६ फूट आहे. संगणकावरील रूपांतरात १७०.७ आले, पण वैद्यकीय तपासणीत १६७.५ सेंटिमीटर भरली. कोणता आकडा खरा? (एक उमेदवार, अकोला)

उत्तर : तपासणीतील आकडा खरा आहे. आपली उंची ५.६ फूट नसून ५ फूट ६ इंच आहे. आपण लिहिलेला बिंदू हा दशांश चिन्ह नाही, तो फूट आणि इंच वेगळे दाखवण्यासाठी घातलेला आहे. संगणकाला मात्र हे समजत नाही. फुटाचे इंच बारा असल्याने ५.६ फूट म्हणजे ५ फूट ७.२ इंच, आणि त्याचे १७०.७ सेंटिमीटर बरोबरच आहेत. ५ फूट ६ इंच म्हणजे ६६ इंच, त्यांना २.५४ ने गुणले की १६७.६४ येतात.

ही गफलत इतकी सार्वत्रिक आहे की तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. आपल्या बाबतीत फरक तीन सेंटिमीटरचाच पडला. पण ५ फूट ११ इंच उंचीच्या माणसाने ५.११ लिहिले आणि संगणकाने ते दशांश अपूर्णांक म्हणून वाचले, तर १८०.३ सेंटिमीटरचा माणूस १५५.८ सेंटिमीटरचा होतो. त्याहून वाईट अवस्था ५ फूट १० इंचांची. ५.१० हा आकडा तक्त्यात भरला की पुष्कळदा शेवटचे शून्य आपोआप गळते, ५.१ उरतात, आणि पुढे तो कागद हाताळणारा माणूस ते ५ फूट १ इंच असे वाचतो. पोलीस भरती असो वा विवाह नोंदणी, उंचीच्या रकान्यात फूट आणि इंच हे शब्द लिहिण्याचा आळस करू नये.

मराठीत यावर सोपा उपाय परंपरेनेच आहे. बाराला चाराने भाग जातो, त्यामुळे सव्वापाच फूट म्हणजे ५ फूट ३ इंच, साडेपाच म्हणजे ५ फूट ६ इंच आणि पावणेसहा म्हणजे ५ फूट ९ इंच; त्यांचे अनुक्रमे १६०, १६७.६ आणि १७५.३ सेंटिमीटर होतात. हे तीन टप्पे पाठ केले आणि मधल्या प्रत्येक इंचाला अडीच सेंटिमीटर धरले, की कोणाचीही उंची तोंडी सांगता येते. साडेपाच फूट हे आपल्या रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गावरील दोन रुळांमधील अंतरही आहे. रेल्वेच्या कागदांत ते १,६७६ मिलिमीटर असे लिहिलेले असते.

प्रश्न : आमच्या घराच्या नकाशात सर्व सळ्या मिलिमीटरमध्ये दाखवल्या आहेत, पण मिस्त्री सुतांत बोलतात. १२ मिलिमीटर म्हणजे चार सूत हे बरोबर आहे का? हिशेब केला तर चार सूत १२.७ मिलिमीटर होतात. (एक घरमालक, कराड)

उत्तर : आपला हिशेब बरोबर आहे आणि मिस्त्रीही बरोबर आहेत, दोघे वेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. पूर्वी सळ्या इंचांच्या मापाने तयार होत, तेव्हा चार सुतांची सळई खरोखरच अर्ध्या इंचाची असे. आता कारखान्यांतून ८, १०, १२, १६, २० आणि २५ मिलिमीटरच्या सळ्या येतात, पण बांधकामावरची भाषा जुनीच राहिली. ८ ला अडीच सूत, १० ला तीन सूत, १२ ला चार सूत आणि १६ ला पाच सूत म्हणतात. आज ‘चार सूत’ हे १२ मिलिमीटरच्या सळईचे नाव आहे, तिचे माप नाही. नावाचे रूपांतर करू नये.

जेथे खरी काळजी घ्यायला हवी ती बाब निराळी आहे. सळईचा जोर तिच्या जाडीवर नव्हे, तर कापल्यावर दिसणाऱ्या गोलाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि ते जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२ आणि १२.७ यांत फरक अवघा सात दशांश मिलिमीटरचा दिसतो, तरी १२ च्या सळईत अर्ध्या इंचाच्या सळईपेक्षा जवळजवळ ११ टक्के लोखंड कमी असते. उलट १० मिलिमीटरची सळई खऱ्या तीन सुतांपेक्षा, म्हणजे ९.५ मिलिमीटरपेक्षा, १० टक्क्यांनी भारी असते. म्हणून एखाद्या जुन्या घराच्या इंचांतल्या नकाशावरून ‘तेवढ्याच सुतांच्या’ सळ्या टाकून नवे काम करू नये. अभियंत्याकडून मिलिमीटरमध्ये नवा हिशेब करून घ्यावा. आपल्या घराचा नकाशा मुळातच मिलिमीटरमध्ये आहे, त्यामुळे आपल्याला ही अडचण नाही. मात्र सळ्या उतरवून घेताना त्या सुतांत मोजून न घेता नकाशातील मिलिमीटरशी ताडून घ्याव्यात आणि वजनही पाहावे. १२ मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरमागे ०.८९ किलोग्रॅम धरतात. ज्याला बाजारात चाळीस फुटी सळई म्हणतात ती प्रत्यक्षात १२ मीटरची, म्हणजे ३९ फूट ४ इंच असते, तेव्हा एका सळईचे वजन साडेदहा किलोच्या थोडे वर यायला हवे.

दोन सळ्यांमधील अंतर १५० मिलिमीटर सांगितले असताना मिस्त्रीने सहा इंचांवर खूण केली, तर त्यावरून वाद घालण्याचे कारण नाही. हाताने बांधणी करताना २.४ मिलिमीटर इकडे-तिकडे होणारच. नळाच्या पाइपांचा प्रकारही सळ्यांसारखाच आहे. ‘अर्धा इंची’ लोखंडी पाइप बाहेरून मोजला तर २१.३ मिलिमीटर भरतो. तेथेही अर्धा इंच हे नावच समजावे.

प्रश्न : नऊवारी लुगड्यासाठी नऊ मीटर कापड घ्यावे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : वार हा मीटरपेक्षा ८.५६ सेंटिमीटरने लहान आहे. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर आणि सहा वार म्हणजे ५.४९ मीटर. नऊ मीटर घेतले तर पाऊण मीटरहून जास्त कापड उरेल. त्यात ब्लाउजपीस काढण्याचा विचार असेल तर प्रश्नच नाही, अन्यथा सव्वाआठ मीटर मागावे. दोन दुकानांतील भाव ताडून पाहायचा असेल, तर मीटरच्या भावाला ०.९१४ ने गुणले की वाराचा भाव मिळतो. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान मापे आली आणि कापड मीटरने विकले जाऊ लागले, पण लुगड्याने आपले जुने माप नावात जपले आहे. ते तसेच राहावे असे आम्हालाही वाटते.

प्रश्न : मुलगा शिक्षणासाठी इंग्लंडला गेला आहे आणि आम्ही त्याच्याकडे जाऊन गाडीने फिरणार आहोत. मैलांचे किलोमीटर गाडीत बसल्या बसल्या तोंडी करण्याची युक्ती आहे का? (एक दांपत्य, नाशिक)

उत्तर : पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, एवढे एक वाक्य पुरेसे आहे. मैलांना पाचाने भागून आठाने गुणावे. वस्तीतील ताशी ३० मैलांची मर्यादा म्हणजे ताशी ४८ किलोमीटर आणि मोटरवेवरील ७० मैल म्हणजे ११२. खरे उत्तर ११२.७ आहे, म्हणजे आपण अर्ध्या टक्क्याने कमी धरतो. वेगमर्यादेच्या बाबतीत कमी धरलेले चांगलेच.

आणखी एक सुंदर युक्ती आहे. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९ अशी संख्यामालिका लिहावी, ज्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असते. तीनच्या पुढे मालिकेतील कोणतीही संख्या मैल समजली, तर तिच्यानंतरची संख्या जवळजवळ तितकेच किलोमीटर असते. १३ मैल म्हणजे २१ किलोमीटर, ५५ मैल म्हणजे ८९ किलोमीटर. शेजारच्या दोन संख्यांचे गुणोत्तर १.६१८ च्या जवळ जाते आणि मैल १.६०९ किलोमीटरचा आहे, एवढ्या योगायोगावर ही युक्ती चालते; दोहोंमध्ये कार्यकारण संबंध नाही. ही मालिका जगभर फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याचा ग्रंथ १२०२ चा आहे. पण त्याच्या सुमारे अर्धशतक आधी गुजरातेतील जैन आचार्य हेमचंद्र यांनी, आणि त्यांच्याही कितीतरी आधी विरहांक यांनी, लघू आणि गुरू अक्षरांतून ठरावीक मात्रांची वृत्ते किती प्रकारांनी रचता येतील हे मोजताना हीच मालिका दिली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, ते अंतर २१ मैल किंवा ३४ किलोमीटर असे सगळीकडे लिहिलेले आढळते. हीसुद्धा त्याच मालिकेतील जोडी आहे.

इंग्लंडच्या रस्त्यांवर जवळची अंतरे यार्डांत लिहिलेली असतात. यार्ड म्हणजे आपला वारच, तेव्हा त्याला मीटर समजून चालावे आणि दहा टक्के कमी धरावेत. तेथून आयर्लंडला जाण्याचा बेत असेल तर विशेष सावध राहावे. आयर्लंडच्या प्रजासत्ताकाने २० जानेवारी २००५ पासून वेगमर्यादा किलोमीटरमध्ये आणल्या आहेत, पण उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग असल्याने तेथे मैलच आहेत. सीमेवर थांबावे लागत नाही, गाडी तीच असते, आणि पाटीवरील आकड्याचा अर्थ मात्र बदललेला असतो. सीमा ओलांडताना पहिली पाटी कोणत्या मापाची आहे हे शेजारी बसणाऱ्याने मोठ्याने वाचून सांगावे.

प्रश्न : विमान ३५,००० फुटांवर असल्याचे वैमानिकाने सांगितले. आपला देश दशमान असताना विमानात फूट का? आणि ही उंची १०,६६८ मीटर लिहावी का? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : विमान एका देशाच्या हद्दीतून दुसऱ्या देशाच्या हद्दीत जात असते, म्हणून माप सर्वांनी एकच वापरणे हे ते माप कोणते असावे यापेक्षा महत्त्वाचे ठरते. जगात बहुतेक ठिकाणी विमानांची उंची फुटांत आणि अंतर सागरी मैलांत मोजले जाते. चीनसारखे देश उंचीसाठी मीटर वापरतात. सागरी मैल १,८५२ मीटरचा आहे आणि रस्त्यावरील मैलाशी त्याचा संबंध नाही. पृथ्वीच्या अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे साधारण तेवढेच अंतर, त्यामुळे नकाशावर मार्ग आखताना तो सोयीचा पडतो.

१०,६६८ हा गुणाकार बरोबर आहे, पण तसे लिहू नये. मोठ्या उंचीवरून जाणाऱ्या विमानाचे उंचीमापक हवेचा दाब मोजते आणि समुद्रसपाटीवरील दाब ठरावीक आहे असे धरून उंची दाखवते. त्या दिवशीचा प्रत्यक्ष दाब आणि तापमान वेगळे असले की खरी उंची शेकडो फुटांनी कमी-जास्त असू शकते. सर्वच विमाने तीच पद्धत वापरतात, म्हणून त्यांच्यातील अंतर सुरक्षित राहते. वाचकाला सांगायचे असेल तर ‘साडेदहा किलोमीटरच्या आसपास’ एवढेच खरे आहे. कळसूबाईची उंची ५,४०० फूट किंवा १,६४६ मीटर दिली जाते, तेथेही असेच तारतम्य लागते. १,६४६ मीटर हा पूर्ण मीटरपर्यंतचा आकडा आहे आणि ५,४०० हा त्याच्याशी जुळणारा सुटसुटीत आकडा. ५,४०० वरून उलट गणित करून कोणी १,६४५.९२ मीटर लिहिले, तर शेवटचे दोन अंक डोंगरावरून आलेले नसून गणकयंत्रातून आलेले आहेत.

प्रश्न : सह्याद्रीतील भटकंतीसाठी एका मित्राने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ‘एक इंच म्हणजे एक मैल’ प्रमाणाच्या जुन्या नकाशाची छायाप्रत दिली आहे. त्यावरून किलोमीटर कसे काढावेत? (एक गिर्यारोहक, ठाणे)

उत्तर : मैलात ६३,३६० इंच असतात, त्यामुळे या नकाशाचे प्रमाण १ : ६३,३६० आहे. साध्या पट्टीने मोजलेल्या प्रत्येक सेंटिमीटरला जमिनीवरील ६३४ मीटर धरावेत. नंतरच्या नकाशांचे प्रमाण १ : ५०,००० आहे आणि त्यांत २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर इतके सरळ गणित आहे. दोन्ही नकाशे एकाच वेळी हातात असतील तर कोणत्या नकाशावर पट्टी ठेवली आहे हे विसरल्याने एक किलोमीटरचे अंतर सव्वा किलोमीटर होते, किंवा त्याच्या उलट. डोंगरात उजेड संपत आलेला असताना एवढी चूक पुरेशी महागात पडते.

आपल्याकडे छायाप्रत आहे, हे अधिक महत्त्वाचे. छायाप्रत काढताना कागद लहान-मोठा झालेला असतो आणि मग १ : ६३,३६० हा छापील आकडा त्या कागदाला लागू पडत नाही. म्हणून नकाशाच्या तळाशी छापलेली मैलांची आडवी पट्टी पाहावी. ती नकाशाबरोबरच लहान-मोठी झालेली असल्याने खरी राहते. तिच्यावरील पाच मैलांची लांबी दोऱ्याने मोजावी, तो दोरा आठ किलोमीटरचा समजावा आणि त्याचे तीनदा दुमडून आठ भाग केले की एकेक किलोमीटरच्या खुणा मिळतात. हे अंतर सपाटीवरचे असते. घाटाच्या वळणांचे आणि चढाचे अंतर त्यात नसते.

समोच्च रेषांकडेही लक्ष द्यावे. जुन्या नकाशांवर त्यांच्या उंचीचे आकडे फुटांत आहेत, नव्यावर मीटरमध्ये. जुन्या नकाशावर ५० फुटांनी काढलेल्या दोन रेषांमधील चढ १५ मीटरचा असतो, नव्या नकाशावर तो बहुधा २० मीटरचा असतो, तेव्हा रेषा मोजून दोन नकाशांवरील चढांची तुलना करू नये. निघण्यापूर्वी वाटेवरील खिंडी, पाण्याची टाकी आणि शिखरे यांच्या शेजारी, जवळच्या पूर्ण मीटरपर्यंतचा आकडा पेन्सिलीने लिहून ठेवावा, म्हणजे बरोबरच्या उपकरणावर दिसणारी मीटरमधील उंची लगेच ताडून पाहता येईल.